बाबूच्या बारशाची बोंडं

देवी समिंदर ओलांडून येती का, ह्याची मला लई शंका व्हती. कुणाला बोलले न्हाई, पर मनात व्हती. मी काय शिकलेली न्हाई. मी सांगते आन् माझी सून मंजिरी लिहून घेती. मघाशी ती म्हणाली, "आई, जरा शुद्ध करून लिहू का?" म्हटलं, "नगं. देवीशी मी अशीच बोलते, तिला कळतं."

माझं माहेर आन् सासर एकाच घळीच्या दोन तोंडांना. माण तालुक्याच्या बाजूचा कोरडा मुलूख. दोन्ही अंगाला तांबडे कडे, मधी ओढा, आन् ओढ्यात पाण्याऐवजी गोटे. त्या घळीत फड्या निवडुंगाचं रान व्हतं, माणसाच्या डोक्यावर जाणारं, एकात एक गुतलेलं. शेळीबी आत शिरायची न्हाई. त्या रानाच्या पोटात आमची देवी, फडाई. देऊळ न्हाई, कळस न्हाई. शेंदूर लावलेला धोंडा आन् भवतीनं काटं. दुष्काळात हिरी आटल्या, जनावरं गेली, पर निवडुंग हिरवा तो हिरवाच. आई त्याची लाल बोंडं चिमट्यानं तोडायची, केरसुणीनं कुसळं झाडायची, उरलेली जाळावर जाळायची आन् आमाला द्यायची. कवा कवा जेवण तेवढंच. आमी भावंडं एकमेकाला लाल जिभा दावून हसायचो. हसण्यात भूक इसरायची.

म्हणून आमच्यात रीत हाय. घरात लेकरू आलं की बोंडं फडाईच्या नावानं ठेवायची, त्यांचा रस पाळण्याच्या पायांना लावायचा, आन् मगच लेकराच्या कानात नाव सांगायचं. माझ्या समद्या पोरांचं तसंच झालं. दोन गेली, एक अविनाश राहिला. धनी गेल्यावर त्यानं मला इंग्लंडात, लंडनच्या हाउन्सलोला आणलं. इथं डोक्यावरनं इमानं जातात, येवढी खाली की टेबलावरचा कप हालतो. त्याचीबी सवय झाली.

मंजिरी बाळंत झाली ती दिवस भरायच्या लई आधी. लेकरू काचेच्या पेटीत, नाकात नळी, अंग माझ्या तळहातावर मावंल येवढं. रडायला तोंड उघडायचा, पर आवाज निघायचा न्हाई. तेवढी ताकदच नव्हती. मी आयुष्यात लई बघितलं, डोळ्याला पाणी येत न्हाई माझ्या. पर ते बिनआवाजाचं रडणं मला सोसंना. पेटीपाशी उभी राहून म्हटलं, "फडाई, ह्याला घरला आण. तुझी बोंडं ठेवीन, मगच नाव घेईन." तोवर समदी त्याला बाबूच म्हणत व्हतो.

बाबू घरला आला. गुटगुटीत न्हाई, पर आला. रविवारी बारसं ठरलं. वॉटफर्डची मंजिरीची बहीण येणार, पाळणा सजला, आन् बोंडांचा पत्ता न्हाई. अविनाश चार दुकानं हिंडून आला.

"आई, इंग्लंडात निवडुंग कुठून आणू? इथं ऊनच व्हिजिटर व्हिसावर येतं! देवीला ॲपल नाही का चालणार?"

"आरं, ॲपल तिला काय ठावं? तिनं जे दिलं ते तिला दावायचं."

मंजिरी म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तोपर्यंत थांबू आपण." म्हणाली खरी, पर तिचं तोंड येवढंसं झालं. किती दिवस काचेत बघितलेलं लेकरू, त्याला नावानं हाक मारायची तिला घाई. मी अडून बसले तर बाबू बिननावाचा, न्हाई बसले तर दिला शबूद मोडतो. रातभर कूस बदलत राहिले.

शनिवारी नारळ आणायला बसनं गेले. येताना रस्ता खणलेला, बस भलतीकडंच वळली आन् डायव्हरनं समद्यांना खाली उतरवलं. मला वाचता येत न्हाई. इथली घरं अशी की एक बघितलं की समदी बघितली. त्येच दार, तीच खिडकी, त्योच कचऱ्याचा डबा. फिरून फिरून पाय सुजले. मग एका ठेंगण्या भिताडावर बसले आन् म्हटलं, "फडाई आई, बोंडं न्हाईत, आता घरबी न्हाई. माझ्या हातात काय बी न्हाई. तुझं तू बघ."

पदरानं तोंड पुसून मान वर केली. समोरच्या घराला म्होरं काचेची पडवी. आन् काचेला आतनं पंजे टेकवून उभा फड्या निवडुंग! पार छतापतूर. आन् कडंनं लाल बोंडं.

मी उठले, पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आन् भर रस्त्यात हात जोडले.

दार उघडलं. माझ्याच वयाची एक बाई, डोक्याला रुमाल, हातात पळी. तिला वाटलं असंल, ही कोण खुळी. मी बोंडांकडं बोट केलं. तिनं मान हालवली आन् म्हणाली, "बाबुत्सा!"

म्हटलं, "काय म्हणालीस?"

"बाबुत्सा, बाबुत्सा!" ती एकेका बोंडाला हात करून सांगाय लागली.

बाबूचा. ही बाई माझ्या बाबूचं नाव घेऊन मला बोंडं दावतीय. मी डोईवर पदर घेतला. "व्हय गं बाई," म्हटलं, "बाबूचाच हाय."

तिनं मला आत ओढलं. ती तिच्या बोलीत, मी माझ्या. ती चिमटा घेऊन आली, मी खुणेनं केरसुणी मागितली, आमच्यात कुसळं झाडतात तशी झाडून दावली. ती येवढी हसली! तिच्या गावीबी तसंच करत असणार. देवीची बाजूला काढून मग आमी एकेक खाल्लं. तिनं जीभ बाहेर काढली, लालभडक. मीबी काढली. दोघी म्हाताऱ्या, पोटं धरून.

पिशवीतला अविनाशच्या फोन नंबरचा कागद तिला दिला. अविनाश आला तो धापा टाकत. "आई, अगं काय हे! मागच्या गल्लीत तर आपलं घर आहे!"

मागच्या गल्लीत. आन् मी ईचारत व्हते, समिंदर ओलांडून येती का.

त्या बाईची लेक आली, तिनं इंग्लिशमधी समजावलं. ती सायप्रसची माणसं. गाव सुटलं तवा ह्या बाईनंच ट्रंकेत निवडुंगाचं एक फड ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं व्हतं. बाबुत्सा म्हंजे त्यांच्याकडं ह्या बोंडाचंच नाव. अविनाश म्हणाला, "कळलं का आई? योगायोग." म्हटलं, "असंल बाबा." मी वाद घातला न्हाई. बोंडं माझ्या वटीत व्हती.

रविवारी पाळण्याचे पाय लाल झाले. गालिच्यावरबी डाग पडला, तो अजून हाय. सायप्रसवाली बाई नटून आली व्हती, पाळण्याची एक दोरी तिच्या हातात. मंजिरीनं बाबूच्या कानात नाव सांगितलं. मोठं छान नाव हाय, पर घरात अजून बाबूच.

सायप्रसवालीनं दिलेलं फड मी कुंडीत लावलं. मी काय केलं न्हाई. हात टेकले, तवा फडाईनं हात धरला, येवढंच मला कळतं. परवा बाबू रांगत कुंडीपाशी गेला आन् कुसळं बोटात भरली. असं भोकाड पसरलं की मंजिरी वरनं धावत आली. मी त्याला मांडीवर घेतलं, कुसळं येचत बसले, आन् मला हसू आवरंना.

"आई, अहो, तो रडतोय!"

"रडू दे गं," म्हटलं. "आवाज ऐक की त्याचा."