पूजा दोन गाड्यांची, दारात एकही नाही

आमच्याकडे दोन इलेक्ट्रिक गाड्यांची पूजा झालेली आहे. गाडी मात्र एकही नाही.

हे सांगताना मला हसू येत नाही. तुम्ही खुशाल हसा. आमची अख्खी कॉलनी हसते आहे, तुम्हीच का मागे राहायचं!

मी नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहे. आमच्या खात्यात तीन कोटेशनं आल्याशिवाय काही घेत नाहीत, मग तो कॉम्प्रेसर असो की फरशी पुसायचं फडकं. ही सवय आता माझ्या हाडीमाशी खिळली आहे. (लग्नाच्या वेळी मी एकच मुलगी पाहून होकार दिला, हे खात्यात अजून कुणाला खरं वाटत नाही. नंदाला, म्हणजे त्या मुलीलाही वाटत नाही.)

गाडी घ्यायची होती आईसाठी. आईचं माहेर सुप्याहून पारनेरकडे वळलं की लागतं. गुडघे गेल्यापासून तिला एसटीची पायरी चढवेना आणि माहेर बंद झालं. तिथे तिचा धाकटा भाऊ आहे, माझा मामा. ती रोज संध्याकाळी त्याला फोन करायची आणि फोन ठेवला की बराच वेळ गुडघे चोळत बसायची. ते मला बघवत नव्हतं. म्हणून एक दिवस मी छातीठोकपणे म्हणालो, "आई, गाडी घेतो. बॅटरीवरची, लांबलचक, ऐसपैस! मागे पाय पसरून बसायचं आणि थेट भावाच्या दारात उतरायचं!"

आईने लगेच मामाला कळवलं. आणि मी तुलना करायला बसलो तो बसलोच. दसरा गेला, दिवाळी गेली, पाडवाही गेला. चाळणी लावून लावून शेवटी दोन गाड्या उरल्या, एक निळी आणि एक पांढरी. दोन्ही सुरेख, दोन्ही एकमेकींच्या कट्टर वैरी.

"अहो, निळी घ्या," नंदा म्हणायची.

"डिकी लहान आहे."

"मग पांढरी घ्या."

"तिचा आरसा आपोआप मिटत नाही."

"मिटून जायचंय कुठे त्याला?"

सगळ्याच बाबतींत दोघी एकमेकींना पुरून उरत होत्या. राहता राहिली मागच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा. ती मोजायला मी नंदाच्या शिलाई मशीनवरची टेप घेऊन दोन्ही शोरूममध्ये गेलो. पांढऱ्या गाडीत मी सीटखाली आडवा होऊन माप घेत होतो, तेव्हा तिथल्या मुलीने घाबरून विचारलं, "सर, पाणी आणू का?" फरक निघाला दोन बोटांचा. तोही कुणाच्या बोटांचा, यावर घरात वाद झाला.

मग मला ती दुर्बुद्धी सुचली. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात चालवून बघायच्या! दोन्ही शोरूमना मी सांगितलं, की सुप्यापर्यंत जायचं, तिथे गाड्यांची अदलाबदल करायची आणि परत यायचं. रविवारी सकाळी दोन्ही गाड्या आमच्या फाटकाशी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर आलेले दोघे सेल्समनही तसेच उभे होते.

"सर, त्यांची बॅटरी उन्हात दमते," निळा माझ्या उजव्या कानात म्हणाला.

"सर, त्यांची सावलीतही दमते," पांढरा डाव्या कानात म्हणाला.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. हातात पिशवी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ती पांढऱ्या गाडीशी गेली, पाठ करून उभी राहिली आणि सीटवर धपकन बसली. "छान आहे हो! अगदी गादीत रुतल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. मी गहिवरलो. रुतल्यासारखं या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही.

मी आईला घेऊन पांढऱ्या गाडीत, नंदा मागून निळीत. सुपं आलं तशी आई म्हणाली, "आता वळव पारनेरकडे. मी भावाला सांगितलंय, अविनाश गाडी घेऊन येतोय म्हणून."

"आई, ही आपली गाडी नाही! नुसती बघायला आणलीय!"

"मग त्यालाही बघू दे."

शेजारी बसलेला पांढरा सेल्समन खूश झाला. गिऱ्हाईक गाडी खानदानाला दाखवायला नेतंय म्हणजे सौदा पक्का! त्याने निळ्याला फोन करून मुद्दाम सांगितलं. निळाही इरेला पेटून मागे आला.

मामाच्या अंगणात सडा, रांगोळी, ताट घेतलेली मामी आणि निम्मा गाव. गाडी थांबायच्या आत मामीने कुंकू तेलात कालवून पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर हातभर स्वस्तिक काढलं होतं.

"मॅडम! मॅडम, डेमोची गाडी आहे!" सेल्समन किंचाळला.

"डेमोची आसू दे न्हाईतर कशाची. दारात पयल्यांदा आलीय, अशीच आत घ्यायची व्हय?" मामी म्हणाली आणि मामाने चाकापुढे नारळ फोडला. तेवढ्यात निळी आली. मामी माझ्याकडे बघतच राहिली.

"दोन घेतल्या?"

"एकही नाही घेतली, मामी! मी फक्त तुलना करतोय!"

"तुलना घरी करा. दारात आलेल्या एकीला ववाळायचं आन् दुसरीला तसंच ठिवायचं, बरं दिसतं का ते?" निळीवरही स्वस्तिक उमटलं. मामाने दोघींना लिंबू-मिरची बांधली. गावातल्या एकाने फोटो काढला. (तो फोटो आमच्याआधी आमच्या कॉलनीत पोचला.)

या गोंधळात आई अजून गाडीतच होती. दार उघडं, पाय बाहेर, आई आत. तिने एकदा जोर लावला, दोनदा लावला. सीट इतकी खाली, की गुडघे हनुवटीशी आणि बूड जमिनीच्या जवळ! मामाने एक हात धरला, मी दुसरा, नंदा पलीकडच्या दाराने शिरून मागून ढकलायला लागली.

"आगं आई गं! सोडा मला! मी हितंच बसते, चहा हितंच द्या!" माहेरची हवा लागताच आईची भाषाही माहेरची झाली होती.

चहा गाडीत झाला. पोहे गाडीत झाले. गावातल्या बाया एकेक करून वाकून आईला भेटून गेल्या. एका म्हातारीने चुकून सीटजवळ सुपारी ठेवली. शेवटी निळा आणि पांढरा सेल्समन पुढे झाले, एकमेकांची मनगटं धरून त्यांनी हातांची खुर्ची केली आणि "एक, दोन, तीन" म्हणत आईला उपसून काढलं. इतक्या महिन्यांत त्या दोन कंपन्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी बॅटरी बघितली, डिकी बघितली, आरसे बघितले. मागच्या सीटपुढे आडवा झोपलो. पण सीटची उंची, जी आईच्या गुडघ्यांना हवी होती, ती बघायचं मला सुचलंच नाही! पायरीवर बसून मी कपाळाला हात लावला. मला खरोखर रडू येत होतं.

निघताना आई कुठल्याच गाडीत बसेना. "निळीत बसा, मावशी, आमची दोन बोटं उंच आहे," निळा म्हणाला. आईने त्याच्याकडे असं बघितलं, की तो निळीमागे जाऊन उभा राहिला.

तेव्हा मामा गोठ्यापलीकडून त्याचा छोटा टेम्पो घेऊन आला. त्याने कांद्याचं क्रेट दारापाशी पालथं घातलं. आईने दांडी धरली, क्रेटवर पाय ठेवला आणि कुणाच्याही मदतीशिवाय ती सीटवर जाऊन बसली. ताठ, पाय सोडून, खुर्चीत बसावं तशी!

"आयला! आक्का, तू तर टुनकन बसली की!" मामा म्हणाला.

"मामा, तुम्ही कांदा घेऊन दर आठवड्याला नगरला येताच ना?" मी कसंबसं विचारलं. "मग आईला यातून आधीच का नाही आणलं?"

मामा ओशाळला. "आरं, तूच गाडी घेणार हुतास ना? तुझ्या आईला कांद्याच्या टेम्पोत बसवायचं म्हंजी तुझा अपमान! आज घेतो, उद्या घेतो म्हनत हुतास, म्हनून आमी थांबलो."

म्हणजे आईचं माहेर गुडघ्यांनी जितकं अडवलं, त्याहून जास्त माझ्या तुलनेने अडवलं होतं.  आई मात्र काचेतून भावाच्या घराकडे बघत हसत होती, आणि तेच मला जास्त लागलं.

दोन्ही गाड्या तेलकट स्वस्तिकांसह शोरूमला परत गेल्या. आता दोन्हीकडचे माझा फोन उचलत नाहीत. कॉलनीने मात्र दोन गाड्यांचे पेढे मागितले, ते मी मुकाट्याने वाटले. गाडी घ्यायचा विचार अजून चालू आहे. (उंच गाड्यांची कोटेशनं मागवली आहेत.)

तोवर आई टेम्पोने माहेरी जाते. पुढे मामाशेजारी तिची जागा ठरलेली आहे. सोबत म्हणून मीही जातो, मागे हौद्यात. परवा आईने पुढून ओरडून विचारलं, "अवि, पाय ठेवायला जागा आहे ना रे?"

भरपूर आहे. फक्त आधी कांदे उतरवावे लागतात.