वैष्णवीचं वाक्य

संगणकाच्या तासाला मुलींनी एकमेकींचे निबंध दुरुस्त करून मला ईमेल केले. वैष्णवीचा ‘माझे घर’ अगदी नेटका झाला होता. सोबत जोडलेल्या तिच्या मूळ मसुद्यात मात्र एक वाक्य जास्त होतं : ‘आई गेल्यापासून घरात मला कुणी हाक मारत नाही.’

ते का काढलं विचारल्यावर तिचा निबंध तपासणारी मैत्रीण म्हणाली, “मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, वाचताना अडखळतं ते काढा.”

वहीत खोडलेलं निदान दिसतं तरी. इथे पडद्यावर खालची ओळ गुपचूप वर सरकली होती.

वैष्णवी मान खाली घालून बसली होती. वर्षभर हजेरी मी नंबरानेच घेत आले. आता तिला हाक मारायला गेले आणि तोंडातून निघालं, “सतरा!”