वरच्या पोस्टचं रॉकेल

मी इंझोरीचा, रिटायर्ड हवालदार. माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेला, बर्फात. धनजचा नाईक गजानन माझ्याच सेक्शनमध्ये होता. जिल्हा एक, म्हणून आम्ही एका ताटात जेवायचो.

पोस्टवरचं रुटीन ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, मग बर्फ उपसणं, सेन्ट्री, रेडिओ चेक. रेशन सगळ्यांना सारखं. सुभेदार साहेबांना जेवढा चहा, तेवढाच स्वयंपाक्याला.

त्या हिवाळ्यात हवामान बिघडलं आणि हेलिकॉप्टर येणं थांबलं. आमचंच रॉकेल संपत आलेलं. दुपारी वरच्या पोस्टवरून रेडिओ आला.

"रॉकेल खतम. बर्फ पिघलाने को कुछ नहीं. पीने का पानी नहीं. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी जेरीकॅन बघितले. "आधा ऊपर जाएगा. कौन?"

गजानन बूट बांधू लागला. मी म्हणालो, "तू कालच गस्तीवरून आला. मी जातो."

"तू खोकलून राह्यला. पडून राह्य."

चौघं दोर बांधून गेले. रॉकेल पोचलं. वरून मेसेज आला, "चाय बन गई. ओव्हर." उतरताना हिमकडा कोसळला. तिघं जिवंत सापडले. गजानन सापडला तेव्हा संपला होता.

गेल्या वर्षी धनजला त्याच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे एक धान्यव्यापारी. त्यांच्या गोदामात तूर छताला टेकलेली, भाव चढायची वाट पाहत. गोदामामागे पालं टाकून राहणाऱ्या मजूर बाया हौदावर पाणी मागायला गेल्या, की यांचा वॉचमन त्यांना हाकलतो. हे गृहस्थ फोटोला हार घालून म्हणाले, "सगळ्यांना पोटभर मिळावं, हे ऐकायला बरं वाटतं. अर्थव्यवस्थेत ते बसत नाही."

मी उठलो. "शेठ, बर्फात बसलं. तुमच्या गोदामात काहून बसत नाही?"

"हवालदार, तिथं सगळं सरकारचं. इथं बाजार आहे."

"रॉकेल सरकारचं होतं. जीव त्याचा होता. त्याचा भाव सांगा."

शेठनी घड्याळ पाहिलं आणि गाडीत बसले. असला माणूस आमच्याकडे रेशन वाटणारा क्वार्टरमास्टर असता, तर अख्खी पोस्ट दुश्मनाच्या गोळीविना मेली असती. आणि यानं वर अर्थशास्त्र ऐकवलं असतं.

मागे पंगत बसली होती. पालावरच्या बायांना गजाननच्या आईनं सकाळीच जेवायचा निरोप धाडला होता. त्यांना वाढता वाढता तिनं विचारलं, "शेठ न जेवताच गेले काय?"

"जाऊ द्या, काकू."

"गजानननं जाऊ देल्लं नसतं. हात धरून बसवलं असतं त्याहीले."

खरं होतं. मला ते जमलं नसतं. त्याला जमलं असतं.