येळवशीला भरवलेला कलमांचा वर्ग

मंडळी, आज अख्ख्या अणदुरात मी एकटीच होते.

आमची छोटी संस्था इथल्या बायकांना फळझाडांची कलमं बांधायला शिकवते. अनुदान देणारे पुण्याचे साहेब काल संध्याकाळी फोनवर म्हणाले, "उद्या वर्ग बघायला येतो." मी लगेच हो म्हटलं. मला स्वतःचं रान नाही, म्हणून येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची वेळ अमावस्या, ध्यानातच आली नाही. ग्रुपवर निरोप टाकला, पण सगळ्याजणी सणाच्या भज्जी-आंबिलीच्या तयारीत.

सकाळी साहेब आले. गावात चिटपाखरू नव्हतं.

"आज सगळं गाव रानात जेवायला जातं," मी सांगितलं.

रिकाम्या सतरंजीकडं बघत ते म्हणाले, "मॅडम, शिकायला कुणीच नसेल तर अनुदान कशासाठी?" आणि निघून गेले.

मग मी दिवसभर कलमांना पाणी घालत बसले.

दिवेलागणीला वर्गातल्या सुमनबाई भज्जीचा डबा घेऊन आल्या. "ताई, कुणाच्या रानात गेल्ता? आमाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी बोलावलंच असंल."

मागनं आणखी दोघी आल्या, डबे घेऊन. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

अनुदानासाठी परत अर्ज करता येईल. पण मला सांगा, सगळ्यांची ताई असलेल्या बाईनं येळवशीला कुणाच्या रानात जेवायचं?