हयातीचा अंगठा

आईने मशीनवर अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. काउंटरवरच्या मुलीने ड्रॉवरमधून कागदी रुमाल काढला आणि मशीन पुसलं.

आमच्या आधी रांगेत सहा जण होते. सहाही जणांनी तिथेच अंगठा टेकवला होता. तेव्हा नाही पुसलं. मी बघत होते.

"आजी, हात धुऊन या. साबणाने," ती म्हणाली.

आतल्या बाजूला नळ चालू असल्याचा आवाज येत होता. आई तिकडे वळली तर शिपायाने हात आडवा केला. म्हणे ते स्टाफचं आहे. मग आई बाहेर गेली. आडवं लुगडं, पायात रबरी चप्पल, काखेत प्लास्टिकच्या पिशवीतलं पासबुक. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने तिच्या हातावर ग्लासभर पाणी ओतलं. साबण नव्हता त्याच्याकडे, भांडी घासायची पावडर दिली. माझी आई रस्त्यावर वाकून अंगठा घासत होती आणि मी काचेच्या आड एसीत उभी होते, नंबर जाऊ नये म्हणून.

ती परत आली. अंगठा टेकवला. पुन्हा लाल दिवा.

"आजी, तुम्ही नक्की तुम्हीच आहात ना?" मुलगी म्हणाली.

रांगेत हशा पिकला. सगळे हसताहेत म्हणून आईही हसली. आणि मी? मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझ्या आईला भर बँकेत कोणीतरी विचारत होतं की तू जिवंत आहेस कशावरून, आणि मी दात काढत होते.

माझे बाबा नगरपालिकेत व्हॉल्वमन होते. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. ते गेले, त्यांची अर्धी पेन्शन आईला लागली, आणि आई गावचं घर माझ्या भावाला देऊन माझ्याकडे मनवेलपाड्याला राहायला आली. त्या पेन्शनवर ती माझ्या घरात ताठ मानेने राहते. भाजी ती आणते. नातवाला खाऊ ती देते. जावयाच्या जिवावर बसलेय असं कोणी म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं. ती पेन्शन बंद झाली तर आई उपाशी मरणार नाही. पण घरात ती परक्यासारखी दाराजवळ बसायला लागेल. मला माझी आई दाराजवळ बसलेली बघायची नव्हती.

तर दर वर्षी थंडी पडायला लागली की बँकेत जाऊन दाखवायचं, बाबांनो, मी जिवंत आहे. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी साहेब तोंडाकडे बघायचा, कागदावर अंगठा घ्यायचा, झालं. आता मशीन आलं. मशीनला तोंड दिसत नाही.

आईचा अंगठा का उठत नाही, हे मला विचारा ना. नऊ वर्षांची असल्यापासून ती खाडीकाठच्या मिठागरावर होती. लाकडी फळीने मीठ ओढायचं, हाताने टोपलीत भरायचं, डोक्यावरून ढिगावर नेऊन टाकायचं. पाय खारात, हात खारात. पावसात मिठागर बंद, की भातलावणीचा चिखल. चाळीस वर्षं. तिच्या बोटांच्या रेघा मिठाने खाल्ल्या. आता बोटं गुळगुळीत आहेत, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी. त्या काउंटरवरच्या मुलीच्या डब्यातल्या कोशिंबिरीत जे मीठ पडतं ते अशाच कोणाच्या तरी हातचं असतं. ते मात्र कोणी पुसून घेत नाही.

पेन्शन थांबली. मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते, गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो. मग गाणं. मग एक मुलगा आला. चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. म्हणाला, अंगठा उठत नसेल तर कागदी फॉर्म असतो, शाखेत अधिकारी माणूस समोर बघून सही करतात.

दुसऱ्या खेपेच्या सकाळी मी उठले तर आई मोरीत बसून काथ्याने अंगठा घासत होती. मी म्हटलं, अगं, आता फॉर्म भरायचाय, कशाला? ती म्हणाली, "आसूं दे गो. एक डाव उठला तर बरा ना." अंगठ्यातून रक्त आलं होतं.

शाखेत काउंटरवर तीच मुलगी. "असा काही फॉर्म नसतो. कोणी सांगितलं?"

"हेल्पलाइनवर सांगितलं."

"नाव काय त्याचं? लिहून दिलंय?" मग बाजूच्या टेबलाकडे वळून, "फोनवर काय, कोणीही काहीही सांगतं."

आमच्या गावात बोललेलं धरतात. शेताचा बांध बोलण्यावर ठरतो, पोरीचं लग्न बोलण्यावर ठरतं. शब्द दिला की दिला. लिहून मागितलं तर समोरच्याला वाटतं, ह्याने मला चोर समजलं. मी त्या मुलाचं नाव विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

मी तक्रार टाकली. माझी नोकरी शाळेच्या बसवर, मुलांना चढवायची-उतरवायची. आचोळ्याच्या नाक्यावर बस उभी, एक पोर उलटी करतंय, दुसरं रडतंय, आणि फोन आला. "मॅडम, तुमच्या तक्रारीबाबत शाखेशी बोलणं झालंय. ते सहकार्य करतील. तुमचं समाधान झालं ना?"

मी म्हणाले, "हो सर. थँक्यू सर."

काय करणार? सवय. साहेबाने विचारलं की हो म्हणायचं. शाळेत गुरुजींना हो, बाबांच्या मुकादमाला हो, बसच्या मालकाला हो. संध्याकाळी मेसेज आला, ग्राहकाचे समाधान झाल्याने तक्रार बंद. मी परत फोन लावला तर म्हणे, मॅडम, तुम्ही होकार दिलाय, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. म्हटलं, मग त्या आधीच्या मुलाचंही असेल, फॉर्म असतो म्हणणाऱ्याचं. ते ऐकवा. तर म्हणे, ते अंतर्गत कामासाठी असतं, ग्राहकाला मिळत नाही.

वा रे वा! माझा आवाज त्यांच्या तिजोरीत. माझ्याविरुद्ध काढायचा असेल तर निघतो. माझ्या बाजूने काढायचा असेल तर किल्ली सापडत नाही.

आमच्या बसचे ड्रायव्हर, भोईरकाका, हे सगळं आरशातून बघत होते. म्हणाले, "ताई, तू पण भर ना त्यांचा आवाज. मी मालकाचा प्रत्येक फोन भरून ठेवतो. सुट्टी देतो म्हणतो आणि पगाराच्या दिवशी विसरतो." माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं की इंग्लिशमध्ये एक बाई ओरडून सांगते, रेकॉर्डिंग चालू आहे. एकदा तसं झालं तर घाबरून मीच फोन कट केला होता. जसं काही मीच दरोडा घालायला गेले होते! काका म्हणाले, स्पीकर लाव, माझ्या जुन्या फोनवर आपण भरू.

शाळेच्या गेटबाहेर, रिकाम्या बसमध्ये, काचा लावून, मी शाखेच्या साहेबालाच फोन केला. साहेब वैतागलेला होता. बोलला ते जसंच्या तसं सांगते, कारण माझ्याकडे आहे.

"अहो बाई, फॉर्म असतो, पण मी घेत नाही. अशा बायका रोज येतात. एक मरते, तिच्या जागी दुसरी येऊन पेन्शन खाते. मशीन चुकत नाही. आधी म्हातारीला स्वच्छ करून आणा, मग बघू."

म्हटलं, सापडला. फॉर्म असतो, पण मी घेत नाही. हे हवं होतं मला. काकांनी ते माझ्या फोनवर पाठवलं आणि मी जाम खुशीत घरी आले. आईला समोर बसवलं आणि म्हटलं, ऐक, तुझा साहेब काय बोलतो.

लावलं. साहेबाचा आवाज आला, आणि त्याच्या मधेमधे एका बाईचा. बारीक, चिरका, लोचट. हो सर. नाही सर. सॉरी सर. तसं नाही सर. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे सर. पहिल्यांदा मला कळलंच नाही ही कोण. साहेब माझ्या आईबद्दल म्हणतो, म्हातारीला स्वच्छ करून आणा, आणि ही बाई म्हणते, "हो सर, आणते सर."

आणते सर!

मी परत लावलं. मोजलं. चार मिनिटांत एकोणीस वेळा सर. चार वेळा सॉरी. कशाबद्दल सॉरी? आई जिवंत आहे म्हणून?

साहेबाच्या बोलण्याचं आईला काही वाटलं नाही. तिने आयुष्यभर तसलंच ऐकलंय. पण तिने माझ्याकडे बघितलं, आणि अशी बघत राहिली की मला खाली बघावं लागलं. मग म्हणाली, "तू असी कनाला बोलतेस? चोरी केलीस काय?"

मी सांगते, त्या साहेबाने माझ्या थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. अख्खा जन्म वाकण्यात गेलेली बाई मला विचारत होती, तू का वाकतेस. मला शाळेत घालायला ती मिठाच्या टोपल्या वाहत होती. पोरीला साहेबाशी बोलता यावं म्हणून. आणि पोरगी शिकून काय शिकली? सॉरी सर.

त्या दिवशी माझ्या तोंडातला सर मेला.

तिसऱ्या खेपेला आम्ही काउंटरवर थांबलोच नाही. सरळ साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. मी आईला खुर्चीवर बसवलं. साहेब म्हणाला, टोकन घेतलंय का. मी फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. दार उघडं होतं. फॉर्म असतो, पण मी घेत नाही. बाहेरची रांग आत बघायला लागली. माझे ते सगळे सर पण वाजले. वाजू दिले. माझी लाज मीच चव्हाट्यावर मांडली, आता तिची भीती मला कोण दाखवणार?

साहेब लाल झाला. "परवानगीशिवाय रेकॉर्डिंग केलंत? गुन्हा आहे हा. पोलिसांत देईन."

मी म्हटलं, "तुमच्या बँकेला फोन लावला की पहिलं वाक्य काय ऐकू येतं? माझा आवाज तुम्ही रोज भरता. मला कोणी परवानगी विचारली? द्या पोलिसांत. तिथे पण हेच लावते."

तो आईकडे वळला. म्हणाला, आजी, मुलीला समजवा जरा. त्याला वाटलं म्हातारी नेहमीसारखी म्हणेल, चल बाय घरा. मलाही तसंच वाटलं होतं. आईने लुगड्याचा पदर नीट केला, खुर्चीत मागे टेकून बसली आणि म्हणाली, "मी हय बसते. जित्ती हाय का मेली, ता डोल्यांनी बघ."

आमच्या गावात सगळ्यांना अरे-तुरेच करतात. साहेबाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी तू म्हटलं असेल, त्याच्या घरच्यांशिवाय.

त्याने ड्रॉवर उघडला. फॉर्म बाहेर आला. म्हणजे होता! तिथेच होता, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. आई टपरीवर अंगठा घासत होती तेव्हाही तिथेच होता. त्याने पेन काढलं, फॉर्म पुढे ओढला आणि मग आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "हे बघा ताई, मी आत्ता सही करतो. तुम्ही ते डिलीट करा. विषय संपला. कशाला वाढवायचं?"

खोटं नाही सांगत, माझं बोट पुढे गेलं. पेन्शन थांबून तीन महिने झाले होते. आईने भाजी आणणं बंद केलं होतं. परवा नातू खाऊ मागत होता तर ती झोपल्याचं सोंग घेऊन पडली. एका बोटाचं काम. ती सही झाली की सगळं पूर्वीसारखं.

पूर्वीसारखं. म्हणजे पुढच्या थंडीत परत ती रांग, परत तो लाल दिवा, परत ड्रॉवरमधला कागदी रुमाल. त्या मुलीने मशीनवरून माझ्या आईला पुसलं होतं. आता हा मला सांगत होता, फोनमधूनही पूस. आणि तूच पूस, तुझ्याच हाताने.

मी फोन ब्लाऊजमध्ये घातला. म्हटलं, "सही तुमचं काम आहे. त्यासाठी मी काही देणार नाही. हेही नाही."

साहेबाने फॉर्म परत ड्रॉवरमध्ये टाकला. "मग सोमवारी या," म्हणाला. आम्ही सही न घेता बाहेर पडलो. टाळ्या वगैरे सिनेमात होतात. एका बाबांनी तर मला रस्ता देताना मान फिरवली, त्यांचंही काम त्याच साहेबाकडे असणार.

त्याच रात्री बँकांच्या लोकपालाकडे तक्रार केली, तिला साहेबाचं रेकॉर्डिंग जोडलं, हेल्पलाइनला केलेल्या फोनांची तारीखवार यादी जोडली, आणि त्या मुलीने मशीन पुसलं तेही लिहिलं. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. तरी लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. पेन्शनही आलेली नाही. घरात थोडी कुरकूर आहे. नवरा म्हणतो, सही घेऊन टाकायची ना, मग काय ते भांडायचं.

आता बँकेचा फोन आला की आधी मी बोलते. "हा कॉल मी रेकॉर्ड करते आहे. तुमचं नाव सांगा." पलीकडचा आवाज बदलतो. अहो-जाहो सुरू होतं. तेव्हा मला कळतं की त्यांना माणसासारखं बोलता येत होतं. सुरुवातीपासून येत होतं.

उद्या सोमवार. आज संध्याकाळी आई मोरीत गेली तेव्हा मी तिच्या मागून गेले. काथ्या कोनाड्यात पडला होता. मी तो उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. आई बघत होती.

उद्या आम्ही जाणार. फोन चार्ज केलाय. आई अंगठा घासणार नाही.