झुंडेलच्या पट्ट्यावरच्या खुणा

झुंडेल कामिन्स्कीने पहिल्या भेटीत मला दारातच उभं करून जी उलटतपासणी घेतली, ती संपेपर्यंत इस्रायलमधल्या हैफात दोन ऋतू बदलले आणि माझ्या हातातली फुलं सुकून त्यांचं गवत झालं. मी फक्त त्याच्या मुलीला मागणी घालायला गेलो होतो. "खंदक खणता येतो?" हा शेवटचा प्रश्न. मी दातांचा डॉक्टर. "येतो," म्हणालो.

जर्मनांपासून लपलेली चाळीस ज्यू माणसं बेलारूसच्या जंगलात भुयार खणून राहत होती, तेव्हा त्यांचं पंचांग म्हणजे हा झुंडेल. कमरेच्या पट्ट्यावर रोज एक खूण. सणवार त्यावरून. एकदा बऱ्याच उपासमारीनंतर घोडा मिळाला. घोडा आपल्याला निषिद्ध, पण जीव वाचवायला चालतो, असं आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी सांगितलं. सूप उकळलं आणि झुंडेलने पट्टा चाचपून जाहीर केलं, "आज योम किप्पूर. निर्जळी!" वर्षातला सगळ्यात कडक उपास. घोडा चालला, उपास मोडणं चालेना. सगळे पातेल्याकडे बघत बसले. दुपारी जर्मन आले. माणसं निसटली, पातेलं राहिलं.

त्या जंगलावर सिनेमा निघाला. त्यात हा प्रसंग, व्हायोलिनसकट! आम्ही सहकुटुंब गेलो. झुंडेलच्या शेजारी त्याची जंगलातली सोबतीण बेला. त्या भुयारातले आता हे दोघंच उरलेले. बेला डोळे पुसत म्हणाली, "काय माणसं होतो रे आपण!"

झुंडेल चुळबुळला. खरी गोष्ट घरात मला एकट्याला माहीत होती. बेलाला कळलं तर ती तोंड बघणार नाही, या धाकात त्याने साठ वर्षं काढली होती.

"सासरेबुवा, गप्प बसा," मी कुजबुजलो.

झुंडेल बोललाच, "बेला, उपास आदल्या दिवशी होता. तापात माझी एक खूण राहिली. युद्ध संपल्यावर कळलं."

"म्हणजे त्या दिवशी खाल्लं असतं तर चाललं असतं?"

"चाललं असतं. पण आदल्या दिवशी खायलाच काही नव्हतं, म्हणजे तोही घडला. दोन उपास! पुण्य दुप्पट!"

"पुण्य घाल चुलीत! सूप होतं समोर, गाढवा! गरम सूप!"

मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, हळू."

"तू गप्प रे! तुझा घोडा गेलाय का?"

बेला मध्येच उठून गेली. नंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सात महिन्यांनी झुंडेल न्यूमोनियाने गेला.