पोतारलेली भिंत

चोपड्याकडच्या खेड्यांत मी हिवतापाची फवारणी करायचो. माणसाला चावून डास भिंतीवर टेकतो आणि तिथल्या औषधानं मरतो, हे घरोघरी सांगून माझा घसा बसायचा. औषधाचे डाग दिसतात म्हणून बाया दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या मातीनं भिंत पोतारून टाकायच्या. पुढं दिवसाआड हुडहुडी भरून ताप आला की मलाच बोल लावायच्या. मी चिडायचो, "अक्का, औषध तुम्हीच मातीखाली गाडलं ना!"

एका दिवाळीच्या तोंडावर मीच तीन गोधड्यांखाली कुडकुडत पडलो. समोरची भिंत पांढरीशुभ्र होती, आईनं सणासाठी पोतारलेली. माती मीच आणून दिली होती, फवारणीच्या पंपाशेजारी सायकलला बांधून.